धागा: चालू व्हीएमची डिस्क वाढवताना कोणता क्रम पाळावा आणि डेटा नेमका कुठे जातो

सुपरब्लॉक (धागाकर्ता)

होस्टवर, म्हणजे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या यंत्रणेवर, डिस्क १०० जीबीची २०० जीबी केली, तरी गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, डीएफ (फाइलसिस्टिममधली जागा दाखवणारा आदेश) जुनाच आकडा दाखवते. कारण मध्ये थर आहेत. सगळ्यांत खाली व्हर्च्युअल डिस्क, तिच्यावर गेस्टच्या कर्नलला दिसणारा आकार, मग पार्टिशन टेबल, असलेच तर लक्स (डिस्क एन्क्रिप्शन) आणि एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारा थर), आणि वर फाइलसिस्टिम. वाढवायचे ते खालून वर, एका वेळी एकच थर. प्रत्येक थरानंतर एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी देणारा आदेश), फाइलसिस्टिमसाठी डीएफ, चालवून आकडा खरोखर बदलला का ते पाहायचे, आणि मगच पुढे जायचे.

या सगळ्या थरांचा धोका सारखा नाही, आणि धागा काढण्याचे कारण तेच आहे. होस्टवर आकार वाढवला की डिस्कच्या शेवटी कोरी जागा जोडली जाते, जुन्या डेटाला धक्का लागत नाही. फाइलसिस्टिम वाढवणारी साधनेही पक्की आहेत. डेटा जातो तो बहुतेक वेळा मधल्या पायरीवर, पार्टिशन टेबल हाताने बदलताना. म्हणून परत फिरायची सोय नेमकी त्या पायरीच्या आधी हवी.

नेहमीचे उदाहरण घेऊ. लिनक्स गेस्ट, जीपीटी (नव्या पद्धतीचे पार्टिशन टेबल), तिसऱ्या पार्टिशनवर एलव्हीएम, वर एक्स्ट४ किंवा एक्सएफएस ही फाइलसिस्टिम.

आधी जागाच संपली आहे ना, याची खात्री करा. डीएफ -आय ने इनोड (फाइलींच्या नोंदी) संपले नाहीत ना ते पाहा. एलएसओएफ +एल१ ने डिलीट होऊनही कुठल्या तरी प्रोसेसने उघड्या धरलेल्या फाइल दिसतात. एखादी अवाढव्य लॉग फाइल अशी अडकली असेल, तर ती सेवा रीस्टार्ट केली की काम झाले.

जागा खरेच हवी असेल तर बॅकअप घ्या आणि त्यातून एखादी फाइल परत काढून पाहा. मग होस्टवर आकार वाढवा. गेस्टमध्ये डिस्क स्कझी असेल तर तिच्या सिसएफएसमधल्या रिस्कॅन फाइलीत १ लिहिल्यावर कर्नलला नवा आकार कळतो. व्हर्टआयओ ब्लॉक डिस्कला हे आपोआप समजते. एनव्हीएमईसाठी एनव्हीएमई एनएस-रिस्कॅन आहे. रीबूटची गरज सहसा पडत नाही.

आता पार्टिशन टेबलची प्रत. एसएफडिस्क -डी चा आउटपुट एका फाइलीत घ्या आणि ती फाइल त्या व्हीएमच्या बाहेर ठेवा. त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत ऐन वेळी वाचताच येत नाही. एलव्हीएम असेल तर व्हीजीसीएफजीबॅकअपसुद्धा चालवा.

पार्टिशन वाढवायला ग्रोपार्ट वापरा. डेबियन-उबुंटूमध्ये ते क्लाउड-गेस्ट-यूटिल्स या पॅकेजमध्ये येते, रेडहॅट घराण्यात क्लाउड-यूटिल्स-ग्रोपार्टमध्ये. डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये जागा सोडायची, म्हणजे एसडीए३ असे सलग न लिहिता एसडीए, जागा, ३. आधी -एन देऊन कोरडी चाचणी घ्या. सुरुवातीचा सेक्टर तोच राहून फक्त शेवट बदलतो आहे, एवढे त्यात पाहायचे.

मग पीव्हीरिसाइझ (पीव्ही, म्हणजे एलव्हीएमला दिलेली डिस्क किंवा पार्टिशन, वाढवते), आणि त्यानंतर एलव्हीएक्स्टेंड (एलव्ही, म्हणजे एलव्हीएममधला फाइलसिस्टिमचा भाग, वाढवते). त्याला -आर दिले की फाइलसिस्टिमही सोबत वाढते. -एल मोठ्या लिपीतले की लहान, आणि आकड्याआधी अधिकचिन्ह आहे की नाही, हे एंटर दाबण्यापूर्वी वाचा. मोठा एल आणि +२०जी म्हणजे आहे त्यात २० ची भर, नुसते २०जी म्हणजे एकूण २०. एलव्हीएम नसेल तर एक्स्ट४ला रिसाइझ२एफएस. एक्सएफएसला एक्सएफएस_ग्रोएफएस लागते, त्याला माउंट पॉइंट द्यायचा आणि फाइलसिस्टिम माउंट असलीच पाहिजे. बीटीआरएफएसमध्ये फाइलसिस्टिम रिसाइझ मॅक्स. मध्ये लक्स असेल तर पार्टिशननंतर आणि पीव्हीरिसाइझच्या आधी क्रिप्टसेटअप रिसाइझ.


माउंटपॉइंट

क्रम पटला. पण "आधी स्नॅपशॉट घ्या", म्हणजे डिस्कची त्या क्षणाची अवस्था जपून ठेवा, असे जिथे तिथे लिहिलेले असते, आणि व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असेल तर डिस्कच्या आकाराचा रकानाच बंद असतो. मग परतीची सोय म्हणायची कशाला?


सुपरब्लॉक

स्नॅपशॉट घ्यायचाच, फक्त त्याची जागा वेगळी. जुने स्नॅपशॉट डिलीट करा, कन्सॉलिडेशन (स्नॅपशॉटच्या फाइली मूळ डिस्कमध्ये मिसळणे) बाकी नाही हे पाहा, आणि डिस्क वाढवा. गेस्टमध्ये रिस्कॅन करून नवा आकार दिसला की त्या क्षणी स्नॅपशॉट घ्या, पार्टिशनला हात लावण्यापूर्वी. काही बिघडले तर परत फिरल्यावर डिस्क मोठीच राहते आणि पार्टिशन टेबल जुने, शाबूत मिळते. हवी असते ती नेमकी हीच अवस्था.

डेटाबेस असेल तर त्याच्या लेखनाला थांबा देऊन, निदान गेस्ट एजंटकडून फाइलसिस्टिम गोठवून स्नॅपशॉट घ्या. काम नीट झाले की तो त्याच दिवशी काढून टाका. डेल्टा फाइल (स्नॅपशॉटनंतरचे बदल जिच्यात जातात ती) वाढत राहते आणि शेवटी डेटास्टोअरच (होस्टवरचा साठा) भरते.

आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो मूळ डिस्कवरच उभा असतो, ती गेली की तोही गेला.


निळी_खिडकी

हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टची व्हर्च्युअल मशीन प्रणाली) हाच मुद्दा जास्त घातक ठरतो. चेकपॉइंट (तिथला स्नॅपशॉट) असताना मूळ व्हीएचडीएक्स फाइलीचा आकार परस्पर बदलला, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या एव्हीएचडीएक्सची साखळी तुटते आणि चेकपॉइंटनंतरचा सगळा डेटा अडकतो. आधी चेकपॉइंट डिलीट करा, मर्ज पूर्ण होऊ द्या, फोल्डरमध्ये एव्हीएचडीएक्स उरली नाही हे डोळ्यांनी पाहा.

चालू व्हीएमची डिस्क वाढवण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून आहे. त्यासाठी फाइल व्हीएचडीएक्स हवी आणि स्कझी कंट्रोलरवर हवी. जनरेशन १ व्हीएम आयडीईवरून बूट होते, त्यामुळे तिची सी ड्राइव्ह वाढवायला व्हीएम बंद करणे आलेच. जनरेशन २ स्कझीवरूनच बूट होते, तिथे ही अडचण नाही.


इनोड

केव्हीएमवाल्यांसाठी (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन प्रणाली) दोन गोष्टी.

पहिली, चालू व्हीएमच्या फाइलीवर क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ कधीच चालवू नका. क्यूईएमयू २.१० पासून फाइलीवर लॉक असतो, त्यामुळे आदेश नाकारला जातो. तो लॉक चुकवायचा पर्याय शोधत बसू नका. चालू व्हीएमसाठी व्हर्श ब्लॉकरिसाइझ आहे. त्यात आकड्यापुढे एकक न लिहिल्यास तो किबीबाइटमध्ये धरला जातो, आणि आकडा भर म्हणून नव्हे तर एकूण आकार म्हणून घेतला जातो. २०० लिहून जीबी समजलात, तर प्रत्यक्षात तो डिस्क २०० किबीबाइटची करायचा आदेश होतो. २००जी असेच लिहा, आणि एंटरआधी आताचा आकार व्हर्श डॉमब्लॉकइन्फोने पाहून तुलना करा.

दुसरी, रॉ फाइल असेल तर क्यूईएमयू-आयएमजीला -एफ रॉ स्पष्ट सांगा. क्यूकाउ२ फाइलीत अंतर्गत स्नॅपशॉट असतील तर जुन्या आवृत्त्या आकार बदलायला नकार देतात. तो नकार योग्यच आहे, आधी स्नॅपशॉट काढा.

प्रॉक्समॉक्समध्ये क्यूएम रिसाइझला +२०जी म्हणजे भर, नुसते २०जी म्हणजे एकूण आकार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम बंद करूनच वाढवायचे, आणि आदेशातला आकडा मेगाबाइटमध्ये असतो.


माउंटपॉइंट

एका व्हीएमला चार डिस्क आहेत, चारही ५०० जीबीच्या. होस्टवर "हार्ड डिस्क ३" दिसते, गेस्टमध्ये एसडीसी. तीच ती, असे धरून चालायचे का?


सुपरब्लॉक

अजिबात नाही. एसडीए, एसडीबी ही नावे डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात, रीबूटनंतर बदलू शकतात. व्हीएमवेअरच्या सेटिंगमध्ये त्या डिस्कसमोर स्कझी ०:२ असा पत्ता असतो. गेस्टमध्ये एलएसबीएलके -एस किंवा एलएसस्कझीने एचसीटीएल (होस्ट, चॅनल, टार्गेट, लन असा स्कझी पत्ता) पाहा आणि टार्गेट क्रमांक जुळवा. कंट्रोलर एकापेक्षा जास्त असतील तर दोन्हीकडचे कंट्रोलर क्रमांक एकच असतील याची खात्री नसते, तेव्हा टार्गेट जुळला म्हणून थांबू नका. व्हीएमवेअरमध्ये डिस्क डॉट एनेबलयूयूआयडी हा पर्याय चालू असेल तर सिरियल क्रमांकावरून जुळवणी निःसंशय होते. केव्हीएममध्ये एक्सएमएलमध्ये प्रत्येक डिस्कला सिरियल देऊन ठेवा, तो गेस्टच्या बाय-आयडी फोल्डरमध्ये दिसतो.

साधी युक्ती हवी असेल तर नव्या डिस्क जोडतानाच आकार वेगळे ठेवा: ५००, ५०१, ५०२. जुन्यांसाठी, वाढवतानाचा आकडा असा निवडा की तो दुसऱ्या कुठल्याच डिस्कचा नसेल. रिस्कॅननंतर ज्या डिस्कचा आकार बदलला ती तुमची. पार्टिशनला हात लागण्याआधीच हे कळते, त्यामुळे होस्टवर भलतीच डिस्क वाढवली गेली असेल तरी नुकसान फक्त जागेचे.


ब्लॉक_५१२

पार्टिशन टेबलबद्दल अजून लिहायला हवे, कारण खरा गोंधळ तिथेच होतो.

जीपीटीची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की शेवटची प्रत आता मध्येच कुठेतरी पडलेली असते. पार्टेड उघडल्यावर "फिक्स की इग्नोर" असे विचारते ते यासाठी. तिथे फिक्स म्हणायचे. एसजीडिस्क -ई हेच करते, आणि ग्रोपार्ट हे स्वतःच सांभाळते. हा इशारा पाहून डिस्क बिघडली असे समजू नका.

एमबीआरची (जुन्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलची) मर्यादा मात्र खरी आहे. सेक्टर क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर, आणि सेक्टर ५१२ बाइटचा असेल तर २ टीआयबी (टेबीबाइट). होस्ट तुम्हाला ३ टीबीची डिस्क निमूट करून देईल, पण पार्टिशन २ टीआयबीपलीकडे जाणार नाही. डेटाची डिस्क असेल तर जीपीटीवाली नवी डिस्क जोडून डेटा तिकडे हलवणे हाच सरळ मार्ग. बूट डिस्क असेल तर रूपांतराला बूटलोडरचाही विचार करावा लागतो: बायोसवर ग्रब असेल तर जीपीटीमध्ये वेगळे बायोस बूट पार्टिशन लागते.

जुन्या डेबियन-उबुंटू इन्स्टॉलमध्ये एसडीए२ हे एक्स्टेंडेड आणि त्याच्या पोटात एसडीए५ असते. तिथे ग्रोपार्ट ५ वर चालवले की "बदल शक्य नाही" असे येते. आधी २ वाढवा, मग ५.

ग्रोपार्ट नसेल, इंटरनेटही नसेल, तर पार्टेडचे रिसाइझपार्ट वापरा. एफडिस्कने पार्टिशन डिलीट करून पुन्हा तयार करणे हा शेवटचा पर्याय. ते करायचेच असेल तर सुरुवातीचा सेक्टर जसाच्या तसा टाका. आजकालची पार्टिशन २०४८ पासून सुरू होतात, जुनी ६३ पासून, आणि एफडिस्क स्वतःहून २०४८ सुचवते. ६३ वाल्या पार्टिशनवर नुसते एंटर दाबलेत तर फाइलसिस्टिमची सुरुवातच हरवते. "सिग्नेचर सापडली, काढून टाकू का?" या प्रश्नाला नाही म्हणा. डब्ल्यू (लिहा) दाबण्याआधी पी (दाखवा) दाबून संपूर्ण टेबल त्या बाहेर ठेवलेल्या प्रतीशी ताडून पाहा. डब्ल्यूपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलेले नसते, क्यू दाबून बाहेर पडता येते.

आणि सुरुवातीचा सेक्टर चुकून लिहिला गेलाच, तर एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्त करणारे साधन) चालवू नका! फाइलसिस्टिम जिथे होती तिथेच आहे, फक्त टेबल चुकीची जागा दाखवते आहे. जुनी प्रत एसएफडिस्कने परत लिहिली की सहसा सगळे जागच्या जागी दिसते. चुकीच्या जागी दुरुस्तीचे साधन चालवले तर मात्र खरोखरच डेटावर लिहिले जाते.


रिकामी_जागा

रूट १०० टक्के भरलेले असताना ग्रोपार्ट "नो स्पेस लेफ्ट" म्हणून थांबते. जागा नाही म्हणून तर वाढवतोय, आणि वाढवायलाच जागा लागते. यावर उपाय?


इनोड

ग्रोपार्टला टीएमपीमध्ये एक तात्पुरते फोल्डर हवे असते. टीएमपीवर १० एमबीचे टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टिम) माउंट करा, ग्रोपार्ट चालवा, मग अनमाउंट करा. एलव्हीएक्स्टेंड अडकते ते मेटाडेटाची प्रत ईटीसीखाली लिहिता येत नाही म्हणून. त्याला -ए एन (मोठा ए) दिले की ती प्रत न लिहिता काम करते. जागा झाल्यावर व्हीजीसीएफजीबॅकअप हाताने चालवून घ्या.

एक्स्ट४वर आणखी एक श्वास घ्यायची जागा असते: मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखीव असतात. ट्यून२एफएस -एम १ ने ते कमी होतात. मोठ्या डेटा डिस्कवर हे करायला हरकत नाही, रूट फाइलसिस्टिमवर मात्र राखीव जागा ठेवावी.


निळी_खिडकी

विंडोजमध्ये सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: डिस्क वाढवली, डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोकळी जागा दिसते, पण सी वर "एक्स्टेंड व्हॉल्यूम" फिकट. कारण सी आणि मोकळी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेले असते, आणि विंडोज फक्त लगतची जागा जोडते.

आधी रीएजंटसी /इन्फो चालवून रिकव्हरी कोणत्या पार्टिशनवर आहे ते नोंदवा. मग रीएजंटसी /डिसेबल. यामुळे विनआरईची (विंडोजच्या रिकव्हरी साधनाची) फाइल सी वरच्या सिस्टम३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये येते. ती तिथे आलेली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, फाइल लपलेली असते. त्यानंतर डिस्कपार्टमध्ये ते पार्टिशन निवडून डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. सी वाढवताना शेवटी १ जीबी सोडा, तिथे नवे पार्टिशन करून एनटीएफएसने फॉरमॅट करा, त्याचा प्रकार रिकव्हरीचा ठेवा, आणि रीएजंटसी /एनेबल. शेवटी पुन्हा /इन्फो. बाहेरच्या पार्टिशन साधनांनी रिकव्हरी पार्टिशन सरकवणेही जमते, पण त्यात डेटा प्रत्यक्ष हलतो. वरच्या मार्गात काहीच हलत नाही, म्हणून तोच बरा.

डिस्कपार्टमध्ये डिलीट लिहिण्याआधी लिस्ट पार्टिशन काढा. ज्याच्यासमोर तारा आहे तेच निवडलेले असते. ओव्हरराइड काहीही विचारत नाही.

डेटा ड्राइव्हसाठी पॉवरशेल सोपे: अपडेट-होस्टस्टोरेजकॅश, मग गेट-पार्टिशनसपोर्टेडसाइझने कमाल आकार आणि रिसाइझ-पार्टिशन. मोठ्या ड्राइव्हवर क्लस्टरचा आकार आधी पाहा. ४ केबी क्लस्टर असलेला एनटीएफएस १६ टीबीपुढे वाढत नाही, आणि क्लस्टर बदलायचा तर नव्याने फॉरमॅट करावे लागते. एक्स्ट४लाही ६४बिट हे वैशिष्ट्य नसेल आणि ब्लॉक ४ केबीचे असतील तर १६ टीआयबीची भिंत आहे.


माउंटपॉइंट

इतका खटाटोप करण्यापेक्षा दुसरी डिस्क जोडून व्हीजीएक्स्टेंड केले, म्हणजे ती एलव्हीएमच्या व्हीजीत (डिस्कच्या गटात) घेतली, तर पार्टिशन टेबलला हातच लागत नाही. ते जास्त सुरक्षित नाही का?


सुपरब्लॉक

त्या दिवसापुरते, हो. पुढे त्रास होतो. एकच एलव्ही दोन डिस्कवर पसरला की दोन्ही डिस्क कायम सोबत हव्यात. कोणी एक डिस्क बॅकअपमधून वगळली, वेगळ्या डेटास्टोअरवर नेली किंवा "ही कुठली जुनी" म्हणून काढली, की संपूर्ण एलव्ही गेला. दोन डिस्कचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे नसतील तर परत आणलेला डेटा एकमेकांशी जुळत नाही. दोन-तीन वर्षांनी कोणत्या व्हीजीत किती तुकडे आहेत हे सांगणारे कोणी उरत नाही.

माझ्या मते खरा उपाय आधीच करायचा असतो. डेटा रूटपासून वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्या डिस्कवर पार्टिशनच करू नका. सबंध डिस्कच पीव्ही करा. मग वाढवणे म्हणजे होस्टवर आकार, गेस्टमध्ये रिस्कॅन, पीव्हीरिसाइझ, एलव्हीएक्स्टेंड -आर. धोक्याची पायरीच उरत नाही.


ब्लॉक_५१२

यावर थोडा मतभेद. पार्टिशन नसलेली डिस्क दुसऱ्या कोणाला कोरी वाटते, विंडोजमध्ये जोडली गेली तर ती "इनिशियलाइज करू का" असे विचारते. अनेक जण एकाच साठ्यावर काम करत असतील तर मी एकच जीपीटी पार्टिशन ठेवेन. ते शेवटचे आणि एकमेव असले की ग्रोपार्ट अडत नाही. रूटच्या डिस्कवर स्वॅप पार्टिशन शेवटी ठेवू नका एवढे मात्र नक्की, ते वाढीच्या वाटेत बसते. स्वॅप फाइल वापरा.


रिकामी_जागा

होस्टच्या बाजूनेही पाहायला हवे. थिन डिस्क (लागेल तशीच जागा घेणारी) १ टीबीची ४ टीबी केली तरी त्या क्षणी डेटास्टोअरमधले काहीच खर्च होत नाही, म्हणून ते बिनखर्चाचे वाटते. पण दिलेल्या आकारांची बेरीज प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त झाली की कधीतरी डेटास्टोअर भरणार, आणि तेव्हा फक्त वाढवलेली व्हीएम नव्हे तर त्याच्यावरच्या लिहू पाहणाऱ्या सगळ्याच थांबतात. एलव्हीएम-थिन वापरत असाल तर एलव्हीएसमध्ये डेटा टक्केवारीबरोबर मेटाडेटाची टक्केवारीही बघा. मेटाडेटा भरला तर दुरुस्ती जास्त किचकट असते.

व्हीएमवेअरमध्ये चालू डिस्क २ टीबीच्या पलीकडे नेणे व्हीस्फियर ६.५ पासून जमते, त्याआधी व्हीएम बंद करावी लागे. आणि ईएसएक्सआय ४ किंवा ५ च्या काळातले, पॅच न केलेले होस्ट अजून चालवत असाल तर: सीबीटी (बॅकअपसाठी बदललेल्या ब्लॉकची नोंद) चालू असताना डिस्क १२८ जीबीची रेघ ओलांडून वाढली की बदललेल्या ब्लॉकची यादी चुकीची मिळायची. इन्क्रिमेंटल बॅकअप यशस्वी दिसायचे, पण आत अपुरे असायचे. तिथे सीबीटी रीसेट करून पूर्ण बॅकअप घ्या. नव्या होस्टवरही आकार वाढवल्यानंतरचा पहिला बॅकअप पूर्ण घ्यावा, असे मला वाटते.


इनोड

क्लाउडवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे आकार फक्त वाढतो, आणि वाढवलेल्या आकाराचे भाडे चालू राहते, म्हणून एकदम चौपट करू नका. ईबीएसमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउड डिस्क) बदलाची स्थिती "ऑप्टिमायझिंग" झाली की फाइलसिस्टिम वाढवता येते, पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही. क्लाउड-इनिट (बूट होताना व्हीएमची मांडणी करणारे साधन) असलेल्या इमेजमध्ये रीबूटवेळी रूट पार्टिशन आणि फाइलसिस्टिम सहसा आपोआप वाढते, पण डेटा डिस्क त्यात धरल्या जात नाहीत, त्या हातानेच.


रिकामी_जागा

शेवटचा प्रश्न. २०० च्या जागी २००० टाकले गेले आणि एक्सएफएस तेवढी वाढलीही. परत लहान कशी करायची?


सुपरब्लॉक

एक्सएफएस लहान करायचा भरवशाचा मार्ग नाही. एक्स्ट४ अनमाउंट करून लहान होते, पण मग एलव्ही, पार्टिशन, डिस्क असे वरून खाली यावे लागते, आणि कुठलाही खालचा थर वरच्यापेक्षा एका ब्लॉकनेही लहान झाला तर शेवटचा डेटा कापला जातो. ते टाळा.

चूक फाइलसिस्टिम वाढण्याआधी लक्षात आली आणि मी वर सांगितलेला स्नॅपशॉट असेल, तर तोही डिस्क लहान करणार नाही, कारण तो वाढीनंतरचा आहे. म्हणून योग्य आकाराची नवी डिस्क जोडा, फाइलसिस्टिम करा, आरसिंक -एएचएएक्स ने चालू अवस्थेत एक फेरी मारा, मग सेवा थांबवून दुसरी फेरी --डिलीटसह. त्याआधी स्रोत आणि लक्ष्य यांचा क्रम दोनदा वाचा. एफएसटॅबमध्ये नवा यूयूआयडी घाला, माउंट -ए ने तपासा, सेवा सुरू करा. जुनी डिस्क व्हीएमपासून सोडवा, पण नव्या डिस्कचा पहिला पूर्ण बॅकअप होऊन त्यातून काही फाइली परत काढून पाहीपर्यंत डिलीट करू नका.